पहारा होता, तरी पत्र आलं

2019 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास भाच्याचा फोन आला. तो त्या वेळी जर्मनीत केमनिट्झ इथं एमएस करत होता. आई-वडिलांना सोडून मामाला फोन, तोही अशा अवेळी, म्हटल्यावर मी अंथरुणात उठून बसलो.

“मामा, इथं एक पत्र आलंय. वकिलाचं. 915 युरो मागितलेत.”

“कशाचे?”

“एका पिक्चरचे. टॉरेंटवरचा.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “आणि मामा, तुम्ही घालून दिलेलं ते सॉफ्टवेअर चालू होतं. मी आत्ताच बघितलं. चालूच होतं.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पण ते वाक्य मला लागायचं तिथं लागलं. कारण ते सॉफ्टवेअर त्याच्या लॅपटॉपवर मीच घातलं होतं आणि ‘आता काही काळजी नको’ असंही मीच म्हणालो होतो. 915 युरो म्हणजे त्या वेळचे 70 हजारांच्या वर रुपये. आक्कानं आणि दाजींनी घरावर कर्ज काढून मुलाला पाठवलेलं.

खरी अडचण तर पुढंच होती. पत्र भाच्याच्या नावावर आलं नव्हतं. फ्लॅटमध्ये तिघेजण राहत होते आणि इंटरनेटचं कनेक्शन होतं विजापूरकडच्या एका मुलाच्या नावावर. पत्र आलं ते त्याला. त्या बिचाऱ्यानं तो पिक्चर पाहिलासुद्धा नव्हता.

कॅफेतले दिवस

हे सॉफ्टवेअर माझ्याकडे कसं आलं, ते आधी सांगायला हवं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला माझं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दारात चपलांचा ढीग. सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. एक गाणं उतरवायला अर्धा तास लागायचा आणि मध्येच कुणी फोन उचलला की सगळं पाण्यात. 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं. त्यात रात्री 2 ते सकाळी 8 कितीही डाउनलोड करा, मोजणी नाही, अशी एक योजना होती. मी ती घरी घेतली. रात्री 2 चा गजर लावून उठायचं, मशीन सुरू करायचं आणि सकाळी दूध आणायला निघताना बंद करायचं, असा माझा नेम होता.

गिऱ्हाईकं काय मागत? पिक्चर तर मागतच, पण गाणीही फार. आपलं हे सीमेवरचं गाव. भीमसेन जोशींचे मराठी अभंग मागणारे आणि त्यांचीच कन्नड दासवाणी मागणारे, दोघेही माझ्याच बाकड्यावर शेजारी बसलेले असत. कुणाला जुनी नाट्यगीतं हवी असत, कुणाला डॉ. राजकुमारांची गाणी. दुकानात कॅसेट मिळत नाही, कंपनीनं काढणं बंद केलेलं, म्हणून लोक माझ्याकडे येत. मी सीडी भरून देई आणि पैसे घेई. ही चोरी आहे असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आपण लोकांची सोय करतो, एवढंच वाटायचं.

त्याच सुमारास इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं मला पीअरगार्डियन नावाचा एक फुकटचा प्रोग्राम दाखवला. तो चालू केला की एक चौकोनी खिडकी उघडायची आणि तिच्यात ओळी सरकू लागायच्या. अमुक कंपनी, अडवली. तमुक विद्यापीठ, अडवलं. एखादं सरकारी खातं, अडवलं. दर दोन-तीन सेकंदांना एक ओळ. “बघा काका, एवढे लोक आपल्याला बघायला येतात आणि हा सगळ्यांना दारातच थोपवतो,” तो मुलगा म्हणाला. मला ते फार आवडलं. दारावर गुरखा ठेवल्यासारखं वाटलं. पुढं ज्यानं ज्यानं माझ्याकडून कॉम्प्युटर घेतला किंवा दुरुस्त करून नेला, त्याच्या मशीनवर मी तो गुरखा बसवून दिला.

गुरख्याची गरज का पडली

याचं मूळ अमेरिकेत आहे. 1999 मध्ये नॅपस्टर आलं. लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी घेऊ लागले. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2001 मध्ये नॅपस्टरचं ते रूप बंद पडलं. पण तोवर कझा, ईडाँकी, बिटटॉरेंट अशी त्याची भावंडं जन्माला आली होती. त्यांना नॅपस्टरसारखं एकच मध्यवर्ती केंद्र नव्हतं, त्यामुळं कुणावर खटला भरायचा हाच प्रश्न झाला. मग कंपन्यांनी थेट घरोघरच्या माणसांवर खटले भरले. 8 सप्टेंबर 2003 रोजी एकाच दिवशी 261 जणांवर. त्यात न्यूयॉर्कची 12 वर्षांची एक शाळकरी मुलगी निघाली. तिच्या आईनं 2,000 डॉलर भरून ते मिटवलं. मिनेसोटातल्या एका बाईला तर 24 गाण्यांपायी 2007 मध्ये ज्यूरीनं 2 लाख 22 हजार डॉलरचा दंड सुनावला. मध्ये फेरसुनावण्या होऊन तो आकडा 19 लाखांपर्यंत गेला आणि 2012 मध्ये अपिलात पुन्हा 2 लाख 22 हजारांवर आला. 2008 च्या अखेरीस कंपन्यांनी असे सरसकट खटले थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत हजारो घरांत नोटिसा पोचल्या होत्या.

खटला भरायचा तर पुरावा हवा. तो गोळा करायला खास कंपन्या निघाल्या. त्यांची माणसं, म्हणजे त्यांची मशीनं, साध्या वापरणाऱ्याचं सोंग घेऊन या घोळक्यात शिरत. काही कंपन्या नुसती नोंद घेत, काही खोट्या फायली पसरवत. मीडियाडिफेंडर ही त्यातली एक मोठी. सप्टेंबर 2007 मध्ये तिचे 6,000 हून अधिक अंतर्गत ईमेल बाहेर फुटले आणि हा सगळा उद्योग कसा चालतो ते जगाला दिसलं.

पीअरगार्डियन 2003 मध्ये आला, तो या भीतीतून. 2005 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढं 2009 मध्ये त्याच धाटणीचा पीअरब्लॉक आला. काम एकच. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. स्वयंसेवकांनी अशा संशयित पत्त्यांच्या लांबलचक याद्या केल्या. त्या यादीतल्या पत्त्यावरून कुणी आपल्या कॉम्प्युटरशी बोलू पाहिलं, किंवा आपला कॉम्प्युटर तिकडं बोलू पाहू लागला, की हा प्रोग्राम ती जोडणी तोडायचा.

त्याला आधारही होता. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा अभ्यास केला. यादी न वापरणारा प्रत्येकजण यादीतल्या कुणा ना कुणाशी जोडला जातोच, असं त्यांना आढळलं. भेटणाऱ्या पत्त्यांपैकी 12 ते 17 टक्के यादीतले होते. हे वाचून माझी छाती फुगली होती. आपला गुरखा खराच कामाचा!

आपल्या बेंगळुरूची एक गोष्ट

हे सगळं लांब अमेरिकेतलं, असं कुणी समजू नये. सप्टेंबर 2010 मध्ये आपल्याच राज्यातली, बेंगळुरूची एप्लेक्स नावाची कंपनी जगभर गाजली. ती चित्रपट कंपन्यांसाठी काम करायची. नोटीस देऊनही जी संकेतस्थळं दाद देत नाहीत, त्यांच्यावर आपण एवढ्या मागण्यांचा मारा करतो की ती बंद पडतात, असं कंपनीच्या प्रमुखांनी उघडपणे सांगितलं. त्यावर इंटरनेटवरचे लोक भडकले. एप्लेक्सचंच संकेतस्थळ तशाच माऱ्यानं बंद पाडण्यात आलं आणि तिथून ‘ऑपरेशन पेबॅक’ नावाची मोहीम पेटली. तिची झळ अमेरिकेतल्या चित्रपट संघटनेच्या संकेतस्थळालाही बसली.

ती बातमी मी कॅफेत मोठ्यानं वाचून दाखवली होती. बाकड्यावरची मुलं टाळ्या पिटत होती. पहारा करणारेही कायदा मोडतात, मग आपलं काय चुकलं, असा तेव्हाचा आमचा हिशेब. हा हिशेब किती कच्चा होता ते कळायला मला नऊ वर्षं लागली.

वर्गणीचा फलक

भाच्याचा फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडून बसलो आणि जे आधी वाचायला हवं होतं ते त्या रात्री वाचलं.

टॉरेंटमध्ये फाइल एका जागी नसते. तिचे बारीक तुकडे करतात आणि ती हवी असणारे सगळे ते तुकडे एकमेकांना देतात. आता कुणाकडे कुठला तुकडा आहे हे कळणार कसं? त्यासाठी एक नोंदवही असते, तिला ट्रॅकर म्हणतात. अलीकडे हेच काम घोळक्यातले कॉम्प्युटर आपापसांतही करतात. तुम्ही घोळक्यात शिरलात की तुमचा आयपी पत्ता त्या नोंदीत जातो आणि जो मागेल त्याला ती नोंद मिळते.

गणपती मंडळाच्या वर्गणीचा फलक डोळ्यांसमोर आणा. तुमचं नाव चौकातल्या फलकावर लिहिलेलं आहे. तुम्ही घराच्या दारावर कितीही दांडगा गुरखा बसवा. रस्त्यानं जाणारा माणूस फलकावरचं नाव वहीत उतरवून घेऊन जातो. तो तुमच्या दारापर्यंत येतच नाही. मग गुरखा अडवणार कुणाला?

फलकाबद्दल एक मजेची गोष्ट. 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, नोंदवहीत दुसऱ्याचा पत्ताही घालता येतो. त्यांनी आपल्या खात्यातल्या प्रिंटरचे पत्ते त्यात घातले. काही दिवसांत त्या प्रिंटरांच्या नावानं पिक्चर डाउनलोड केल्याच्या नोटिसा आल्या! म्हणजे नोटिसा पाठवणारे काही वेळा नुसता फलक वाचूनच पाठवत होते. निरपराध माणूसही त्यात अडकू शकतो, हा त्याचा दुसरा अर्थ.

दुसरी गोष्ट, पाळत ठेवणारा शहाणा असेल तर तो आपल्या कंपनीच्या पत्त्यावरून कशाला येईल? तो कुठलीही साधी जोडणी भाड्यानं घेतो. ती यादीत नसते. 2012 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठानं बिटटॉरेंटचा अभ्यास केला. लोकप्रिय फाइल घेणाऱ्याची नोंद पाळतीवाले साधारण तीन तासांत करतात, असं त्यांना दिसलं. आणि पाळतीवाल्यांचे बरेच पत्ते त्या प्रसिद्ध याद्यांमध्ये नव्हतेच. उलट यादीत निरुपद्रवी पत्ते भरपूर होते.

आता मला त्या सरकणाऱ्या ओळींचा अर्थ लागला. ज्यांच्यापासून काही धोका नव्हता, अशी कितीतरी कॉलेजं आणि कंपन्या दारात अडवली जात होती. आम्ही त्या ओळी मोजून निर्धास्त होत होतो. गुरखा शिट्टी वाजवत होता म्हणून आम्हाला झोप लागत होती, एवढंच.

डाउनलोड बेळगावात, अपलोड केमनिट्झमध्ये

दुसऱ्या दिवशी भाच्यानं पत्राचा फोटो पाठवला. पिक्चरचं नाव, तारीख, वेळ अगदी सेकंदासकट आणि आयपी पत्ता. नोव्हेंबर 2018 मधली एक रात्र. भाचा म्हणाला, “मामा, जर्मनीत आल्यापासून मी एकही पिक्चर घेतला नाही. इथं असं करायचं नसतं, हे सीनिअर मुलांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.”

ते खरं होतं. पिक्चर त्यानं ऑगस्टमध्ये बेळगावात घेतला होता. पण टॉरेंटचा प्रोग्राम लॅपटॉप सुरू होताच आपोआप सुरू होई आणि घेतलेली फाइल दुसऱ्यांना वाटत राही. अनगोळच्या घरात हॉलमधल्या टेबलावर जे चालू होतं, तेच केमनिट्झच्या फ्लॅटमधल्या वायफायवर चालू राहिलं. त्याला पत्ताही नव्हता. आणि आपोआप सुरू होण्याची ती खूण कुणी केली होती? लॅपटॉप नवा घेतला तेव्हा सगळं ‘सेट’ करून देणाऱ्या या मामानंच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ‘मी फक्त घेतलं, कुणाला दिलं नाही’ हे टॉरेंटच्या बाबतीत सहसा खरं नसतं. घेता घेताच तुम्ही वाटतही असता. जर्मनीत खरा बडगा बसतो तो या वाटण्याबद्दल. हक्कदाराचे वकील कोर्टाकडून आदेश घेतात, इंटरनेट कंपनी त्या आयपी पत्त्यामागचं नाव देते आणि मग घरी पत्र येतं. त्याला तिकडं ‘आबमानुंग’ म्हणतात. पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या आणि अमुक रक्कम मुदतीत भरा, अशा दोन मागण्या त्यात असतात. 2013 मध्ये तिथल्या सरकारनं अशा पत्रांतल्या वकिलाच्या खर्चावर मर्यादा आणली. पण नुकसानभरपाईची मागणी त्यावर वेगळी असतेच.

आक्काच्या घरी

आता एक कबुली द्यायची आहे. त्या रात्री फोनवर मी भाच्याला काय सांगितलं? “तुझं नाव पत्रात नाही ना? मग दोन दिवस गप्प बस. बघू काय होतंय.” हे मी म्हणालो. माझ्याच घरातलं पोर वाचावं, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी अनगोळला गेलो. आक्का भाकऱ्या थापत होती, दाजी पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, माझा सल्लाही सांगितला. आक्काचा हात तव्यावर थांबला.

“अरे, आणि त्या विजापूरच्या पोराची आई? तिनं विचारलं तर काय सांगशील? आमचा मुलगा गप्प बसलाय म्हणून?”

मी म्हणालो, “आक्का, कर्ज तुमच्या घरावर आहे.”

“त्यांच्या घरावर नसेल कशावरून?”

दाजी गदगकडचे. घरात ते कन्नडच बोलतात. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, “माडिद्दुण्णो महाराया.” आपल्याकडे ‘करावे तसे भरावे’ म्हणतात, तेच. ते भाच्याबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

दाजींनी तिथूनच मुलाला फोन लावला. त्यांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. त्याच संध्याकाळी भाच्यानं त्या मुलाला समोर बसवून सांगितलं, की हे माझ्या लॅपटॉपवरून झालंय. तो मुलगा तीन रात्री झोपला नव्हता. आपला व्हिसा जातो की काय, या धसक्यानं त्यानं घरी फोन करायचंही टाळलं होतं. भाच्यावर तो चिडला नाही. “नी मोदल हेळबेकागित्तु” एवढंच म्हणाला. “तू आधी सांगायला हवं होतंस.” भाच्याला हे वाक्य पैशापेक्षा जास्त लागलं, असं तो मला पुढं कितीतरी दिवसांनी म्हणाला.

विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळाकडे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. दोघेही तिथं गेले. हे पैशाच्या मागणीचं दिवाणी प्रकरण आहे, व्हिसाशी त्याचा थेट संबंध नाही, हे त्या वकीलबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं त्या पोराच्या जिवात जीव आला. आलेल्या मसुद्यावर तशीच सही करू नका, असं त्या म्हणाल्या. त्यात आयुष्यभराची बांधिलकी आणि मोठा दंड लिहिलेला असतो. त्यांनी मसुदा बदलून दिला. भाच्यानं तो स्वतःच्या नावानं दिला आणि कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचा यात संबंध नाही, असं कळवलं. पत्रव्यवहार होऊन 550 युरोंवर तडजोड झाली, पाच हप्त्यांत. भाच्यानं शनिवार-रविवार पार्सलच्या गोदामात काम केलं. निम्मे पैसे मी पाठवले. दाजी नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

नाव सांगायचं की नाही?

तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे यावरचे निकाल आपल्या कुटुंबांनी माहीत करून घ्यावेत असे आहेत. 2012 च्या एका निकालात 13 वर्षांच्या मुलानं गाणी वाटली होती. आई-वडिलांनी ‘असं करू नकोस’ म्हणून आधीच समजावलं असेल, तर ते जबाबदार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. मुलाच्या मागं सतत उभं राहून पाहण्याची अपेक्षा नाही, पण सांगण्याची आहे. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाहून पाहुणी आलेली नात्यातली मुलगी आणि तिचा जोडीदार यांनी घरच्या इंटरनेटवरून पिक्चर घेतला होता. मोठ्या माणसांना, पाहुण्यांना विनाकारण तंबी देत बसायची घरमालकिणीवर सक्ती नाही, असा निकाल लागला.

2017 चा निकाल मात्र मन हलवतो. म्युनिकमधल्या एका जोडप्याला तीन मोठी मुलं. गायिका रिहानाचा एक अल्बम त्यांच्या कनेक्शनवरून वाटला गेला. कुठल्या मुलानं हे केलं ते आई-वडिलांना ठाऊक होतं, पण त्यांनी नाव सांगायला नकार दिला. न्यायालयानं सांगितलं, नाव सांगायची सक्ती नाही, पण मग पैसे तुम्ही भरा. 3,500 युरोंहून जास्त रक्कम त्या आई-वडिलांवर पडली.

विजापूरच्या त्या मुलापुढंही हाच प्रश्न आला असता. मित्राचं नाव सांगायचं की स्वतः भरायचं? भाच्यानं स्वतः पुढं होऊन तो प्रश्न त्याच्यावर येऊ दिला नाही. त्याला तसं करायला लावलं ते आक्का-दाजींनी. माझा त्यात वाटा नाही.

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडे घरोघरी अशी पत्रं पाठवण्याची पद्धत रुळलेली नाही. इथं न्यायालयाचे आदेश घेऊन संकेतस्थळं बंद करण्याकडे कल आहे. प्रतिवादी अज्ञात असेल तर त्याला ‘अशोक कुमार’ म्हणून आदेश काढतात. 2012 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी सरसकट मोठमोठी संकेतस्थळं बंद केली. तेव्हा अख्खं संकेतस्थळ बंद करू नका, नेमका पत्ता तेवढा बंद करा, असं न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं.

पण पत्र येत नाही म्हणून गुन्हा नाही असं नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना याहून कडक तरतूद झाली. महाराष्ट्रानं 2009 मध्ये झोपडपट्टी दादांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरेटना आणलं. कर्नाटकानं 2014 मध्ये गुंडा कायद्यात ‘डिजिटल गुन्हेगार’ हा वर्ग घातला. या कायद्यांखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. सीडी भरून विकणारा मी, आज त्या कायद्याची व्याख्या वाचताना घाम पुसतो.

मुलं बाहेर निघताना

दरवर्षी आपल्या भागातून कितीतरी मुलं जर्मनीला जातात. लोणचं, मेतकूट आणि चटण्यांच्या पुड्या बांधताना पालकांनी लॅपटॉपकडेही पाहावं. टॉरेंटचा प्रोग्राम असेल तर तो इथंच काढून टाकावा, जुन्या फायलींसकट. नुसता बंद करून भागत नाही. टॉरेंट ही पद्धत स्वतः गुन्हा नाही. लिनक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर तिच्यावरून रीतसर मिळतात. प्रश्न असतो तो फाइल कुणाच्या हक्काची आहे याचा. फ्लॅटमध्ये कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते मुलानं पहिल्या दिवशीच विचारावं, कारण आपल्या चुकीचं पत्र त्याला जाणार आहे. आणि पत्र आलंच, तर ते दडवू नये, घाईनं सही करू नये, मुदत चुकवू नये. विद्यापीठातला सल्लागार किंवा तिथलं ग्राहक सल्ला केंद्र गाठावं. घरी फोन करावा, आई-वडिलांना.

अजूनही दुकानात मुलं येतात. कॅफे बंद करून आता मी दुरुस्तीचं काम करतो. “काका, नाव दिसू नये असं एखादं सॉफ्टवेअर घालून द्या की,” म्हणतात. मी त्यांना वर्गणीच्या फलकाची गोष्ट सांगतो. काहीजण ऐकतात, काहीजण शेजारच्या दुकानात जातात.

त्या काळात मी किती मशीनवर तो गुरखा बसवला, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्यातलं एखादं मशीन तुमच्या घरात असेल आणि ते अजून चालत असेल, तर घेऊन या. पैसे घेणार नाही. काढून देतो.